मालखान्यातली मुडी

ती फिर्याद माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बेवारस प्रेतांचे पंचनामे केले. आता ते सगळे एकमेकांत मिसळून गेलेत, कुठला कुठल्या ठाण्यातला ते बायकोने विचारलं तरी सांगता येत नाही. पण भाताच्या एका मुडीच्या चोरीचा तपास मला दिवसागणिक आठवतो. कुणाचंही नाव न घेता तो इथे लिहून ठेवतो आहे.

मी तेव्हा जोयडा तालुक्यातल्या एका ठाण्याचा अंमल सांभाळत होतो. मूळचा मी खानापूरकडचा. घरात मराठी, दप्तरात कानडी, आणि जंगलातल्या माणसांशी दोन्हींची भेळ. बायको-मुलं शिक्षणासाठी बेळगावात, मी क्वार्टर्समध्ये एकटा. ठाण्याचं काम म्हणाल तर ठरलेलं होतं. घाटातले अपघात, गोव्याकडून येणारी चोरटी दारू, गणेशगुडीला नदीत होड्या वल्हवायला आलेल्या पाहुण्यांची भांडणं आणि त्यांचे पाण्यात गेलेले मोबाईल. चोऱ्या फारशा नव्हत्या. त्या भागात लोक घराला कुलूपच लावत नाहीत, मग फोडणार काय?

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. सकाळी ठाण्यात शिरलो तर ठाणे अंमलदार हसू दाबत म्हणाले, "सर, भात चोरीला गेलंय."

बाकावर साठीच्या पुढचा एक गृहस्थ बसला होता. धुतलेला सदरा, गुडघ्यापर्यंत धोतर, पायांना लाल धूळ. बाजारकुणंगच्याही पलीकडच्या एका वाडीतून पहाटे निघून चालत आला होता.

"काय गेलं, दादा?" मी विचारलं.

"मुडी गेली, सायब."

"किती मुड्या?"

"येकच हुती. बियाची."

"पैसे, भांडीकुंडी?"

"ते समदं हाय. बी तेवढं न्हाई."

मुडी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. भाताच्या पेंढ्यात बियाणं भरायचं, पेंढ्याच्याच दोरीने ते करकचून आवळायचं आणि बडवून बडवून घट्ट गोळा करायचा. तो गोळा चुलीवरच्या माळ्याला टांगतात. रोजचा धूर लागतो, कीड फिरकत नाही, पेरणीपर्यंत बी जिवंत राहतं.

ते बी साधं नव्हतं. वाडीत त्याला कुसळ्या म्हणत. एकेका दाण्याला बोटाच्या पेराएवढं ताठ कुसळ. रानडुकराने तोंड घातलं की टोचतं, म्हणून डुक्कर त्या भाताच्या वाटेला जात नाही. पूर्वी सगळी वाडी तेच पेरायची. मग दुकानातलं सुधारित बियाणं आलं. उतारा जास्त, मळायला सोपं, कुसळं नाहीत. लोकांनी ते घेतलं, आणि पीक दुपटीने आलं खरं, पण आलेलं निम्मं डुकरांनी आणि गव्यांनी खाल्लं. रात्ररात्र डबे बडवून माणसं कंटाळली. पुढे वाघांच्या राखीव जंगलातून बाहेर पडणाऱ्यांसाठी सरकारची पुनर्वसनाची योजना आली तेव्हा अकरापैकी दहा घरं उठून गेली. कुणी बळजबरी केली नव्हती. शाळा, दवाखाना, डांबरी रस्ता कुणाला नको असतो?

राहिला तो हा एकटा. बायको वारलेली, दोन मुली सासरी. तो राहू शकला तो कुसळ्याच्या जोरावर. त्याच्या शेतात डुकरं येत नव्हती. आता पेरणी आठ-दहा दिवसांवर आली होती, आणि हे बी दुसऱ्या कुठल्या घरी उरलेलं नव्हतं. यंदा पेरलं नाही तर पुढच्या वर्षीचं बी नाही, म्हणजे ते भात कायमचं संपलं. ते संपलं की त्याचं तिथलं राहणंही संपलं. हे सगळं त्याने सांगितलं नाही, मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. एकटी राहणारी माणसं एकतर फार बोलतात, नाहीतर बोलणं विसरतात. हा माणूस वाक्य सुरू करायचा आणि मध्येच थांबून बाहेर बघत बसायचा.

मी फिर्याद नोंदवून घेतली. अंमलदारांना वाटत होतं की साध्या अर्जावर भागवावं. पण मी कागदाचा माणूस. पूर्वी एका ठाण्यात सापडलेली मोटारसायकल मालकाला कागद न करता देऊन टाकली होती, त्याबद्दल वरून चांगली कानउघाडणी झाली होती. तेव्हापासून मी ठरवलं होतं की जे होईल ते नियमाने होईल.

दुसऱ्या दिवशी जीप जाईल तिथवर नेली आणि पुढे पाऊण तास चालून वाडी गाठली. दहा घरं रिकामी. काहींची कौलं काढून नेलेली, नुसत्या भिंती उभ्या. एका अंगणात रुजलेलं पपईचं झाड फळांनी लगडलेलं होतं आणि खायला माकडांखेरीज कुणी नव्हतं. मी इतकी वर्षं पोलीस, पण मनुष्यवस्तीत एवढी शांतता मी ऐकली नव्हती. क्वार्टर्समधल्या माझ्या संध्याकाळी मला त्या क्षणी फार गजबजलेल्या वाटल्या.

त्याने घर दाखवलं, चूल दाखवली, माळा दाखवला. मुडी टांगायची दोरी सोडवलेली होती, कापलेली नव्हती. आणि बरोबर तिच्या वर, माळ्यावर, सुपात भात ठेवलेलं होतं. चारेक पायल्या असेल.

"हे तुमचं?"

"न्हाई."

"मग कुणाचं?"

तो चुलीकडे बघत राहिला. विसरला असेल, वयाचा परिणाम, असं मी धरलं. मला गेलेल्या वस्तूचा तपास करायचा होता, ठेवलेल्या नव्हे. पंचनाम्यात त्या सुपाचा उल्लेख आला नाही.

"गेल्या महिन्यात कोण कोण आलं होतं इथे?"

"जंगलखात्याचा गार्ड. आनि त्यो बियावाला, दोन डाव."

बियावाला म्हणजे बाहेरगावच्या एका संस्थेचा कार्यकर्ता. तिशीतला, दाढीवाला, पाठीवर पिशवी. खेड्यापाड्यांत हिंडून जुनी बियाणी गोळा करायचा. कुसळ्याचं मूठभर बी मागायला तो दोनदा आला होता. दोन्ही वेळा याने नाही म्हणून सांगितलं. त्या घराची रीत होती की होळीनंतर पेरणी होईपर्यंत बी घराबाहेर द्यायचं नाही.

हेतू मिळाला, माणूस मिळाला. मी खूश झालो. त्या पोराला ठाण्यात आणून सकाळपासून बसवून ठेवलं. पिशवीतून औषधाच्या बाटल्या निघाल्या, प्रत्येकीत वेगळं भात, प्रत्येकीवर चिठ्ठी. कुसळ्या नव्हतं.

"कुठे लपवलंस?"

"साहेब, माझ्याकडे असतं तर मी तुमच्यासमोर नाचलो असतो."

"म्हणजे तुला हवं होतं."

"हवंच होतं. एकाच घरात, एकाच चुलीवर अख्ख्या वाणाचा जीव टांगलेला. घराला आग लागली, काका आजारी पडले, की संपलं. मी त्यांना तेच सांगत होतो. थोडं इकडे ठेवा, थोडं तिकडे ठेवा."

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमच्या फ्रीजात ठेवलेलं बी आमचं कसं? उद्या कंपनीवाला तिथूनच नेईल आणि आम्हालाच विकेल." त्याने एका बाटलीची सुटलेली चिठ्ठी दाबून बसवली. "त्यांचंही चूक नाही. असं घडतं म्हणूनच ते घाबरतात."

मी त्याला बरंच सुनावलं. दम दिला, एकदा टेबलावर हात आपटला. खोटं बोलणारा माणूस दमाला उत्तर देताना जास्तीची माहिती देतो. हा फक्त चिडत गेला. संध्याकाळी सोडून दिला. जाताना म्हणाला, "साहेब, सापडलं तर लवकर द्या त्यांना." मी म्हटलं, "आम्हाला आमचं काम शिकवू नको."

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी दुपारी आमच्या महिला कॉन्स्टेबल कागद लावत बसल्या होत्या. त्या बाजारकुणंगकडच्याच, शेतकऱ्याच्या घरातल्या. मी सहज बोलता बोलता त्या सुपाचं सांगितलं, म्हाताऱ्याला स्वतःचं भात ओळखता येत नाही म्हणून थट्टेने. त्यांनी हातातले कागद खाली ठेवले.

"सर, मुडीच्या जागी भात ठेवलं होतं?"

"हो. त्याचं काय?"

"मग चोर बाहेरचा न्हाई."

त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे बियाची जागा रिकामी ठेवत नाहीत. घरातलं बी भावकीतल्या कुणी नेलं तर तेवढंच दुसरं भात तिथे ठेवून मगच उचलायचं. रिकाम्या हाताने बी उचललं तर दोन्ही घरांना उपास पडतो, अशी समजूत. बियावाल्या पोराला ही रीत माहीत असली तरी चार पायल्या भात पाठीवर घेऊन तो डोंगर चढला नसता. कंपनीचा माणूस असता तर त्याने काहीच ठेवलं नसतं. चोरी करतानाही रीत पाळणारा माणूस त्या चुलीपाशी वाढलेलाच असणार.

मी लगेच जीप काढून वाडीवर गेलो आणि सुपातलं भात मूठभर आणलं. आखूड, जाड, बिनकुसळाचं. रामनगरच्या एका दुकानदाराने बघताक्षणी सांगितलं, हे गेल्या साली इकडच्या बाजूला बरंच लावलं होतं. रामनगरच्या बाजूलाच त्या वाडीतल्या काही घरांनी पुनर्वसनानंतर जागा घेतली होती. त्यात एक घर फिर्यादीच्या सख्ख्या धाकट्या भावाचं होतं.

चार दिवस माझ्या नाकासमोर सूप पडून होतं आणि मी एका निरपराध पोराला दम देत बसलो होतो.

धाकटा भाऊ पंचावन्नच्या आसपासचा. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढे पत्र्याची शेड. मी गणवेशात होतो. पोलीस दारात आले की निर्दोष माणूस विचारतो, काय झालं? अपराधी बहुधा विचारतो, कोण म्हणतं? याने दोन्ही विचारलं नाही.

"दादा जेवतोय नव्हं?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "दादा जेवतोय. मुडी कुठे आहे?"

"कसली मुडी?"

"बघा, तुम्ही सुपात भात ठेवून आलात. ते ठेवलं नसतं तर मी आयुष्यात इथवर पोचलो नसतो."

तो भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "ठेवल्याबिगर कसं उचलायचं, सायब? आमच्या आयेनं बांधलेली ती रीत."

"कधी नेलीत?"

"दादा रेशन आणाय जोयड्याला गेल्ता. येष्टीनं ग्येलो, रानातनं चालत ग्येलो, घिऊन आलो."

"कशासाठी? विकायला?"

त्याला राग आला. पहिल्यांदाच त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. "बी इकत्यात व्हय कोन?"

"मग?"

"त्यो यीत न्हाई, सायब. चार वर्सं झाली बोलावतोय. न्हाई म्हणतो, कुसळ्या हाय तवर मी हाय. पावसाळ्यात दोन-दोन म्हैने वाट बंद आस्ती. पडला-झडला तर कोन बघनार? म्हटलं बी न्हाई तर प्येरनार काय, आनि प्येरनार न्हाई तर ऱ्हाईल कशाला? यील हिकडं."

"त्याच्यासाठी केलंत म्हणता."

त्याने एकदा परसाकडे बघितलं. मग म्हणाला, "माज्यासाठी बी केलं. हितं सकाळी उठून हाक कुनाला मारायची, सायब? शेजारी हायत, पर त्यांस्नी आमचं कायबी ठावं न्हाई. मी ल्हान असताना काय करायचो, हे ठावं असलेला येकच मानूस उरलाय, आनि त्यो तिकडं बसलाय."

हा जबाब मी लिहून घेतला, पण शेवटची वाक्यं लिहिली नाहीत. गुन्ह्याशी त्यांचा संबंध नव्हता.

मुडी मागच्या बाजूला होती. घरात गॅस, तिथे धूर कुठला? म्हणून त्याने परसात तीन दगड मांडून, वर पत्रा घालून, त्याखाली मुडी टांगली होती. रोज सकाळ-संध्याकाळ खाली ओली-सुकी लाकडं घालून तो धूर करायचा. भावाने वाडी सोडली की तेच बी तो इथे लावणार होता. मी मुडीला हात लावून पाहिला. कोरडी ठणठणीत, धुराचा वास येत होता.

तिथे पुढे काय करायचं हे माझ्या हातात होतं. दोन्ही भावांना समोरासमोर बसवून, चहा पाजून, मुडी थोरल्याच्या खांद्यावर देऊन प्रकरण मिटवता आलं असतं. जुने अधिकारी असंच करत आणि वर कागद कसा बसवायचा ते त्यांना येत असे. पण फिर्याद नोंदलेली, आरोपीची कबुली, माल हस्तगत. मी जप्ती पंचनामा केला, धाकट्याला अटक दाखवून दुसऱ्या दिवशी कोर्टासमोर उभं केलं, तो जामिनावर सुटला. मुडी मुद्देमाल झाली.

ठाण्यावर येताना वाटेत जोराची सर आली आणि जीपच्या मागच्या बाजूने मुडीवर पाणी उडालं. मला काळजी वाटली. मी स्वतः उभं राहून ती कापडात शिवून घेतली, लाखेचं सील केलं आणि आणखी पाऊस लागू नये म्हणून जाड प्लास्टिकच्या दोन थैल्यांत घालून तोंड घट्ट बांधून टाकलं. मालखान्याच्या लोखंडी कपाटात, जप्त दारूच्या कॅनशेजारी, लेबल लावून ठेवली. महिला कॉन्स्टेबल दारात उभ्या होत्या.

"सर, ती चुलीवर टांगायला पायजे."

"हे ठाणं आहे, बाई. तुमच्या घरचं स्वयंपाकघर नव्हे."

त्या आपल्या टेबलाकडे परत गेल्या.

थोरला दुसऱ्या दिवशी आला. मुडी सापडली म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला, आणि कुणाकडे सापडली ते सांगितल्यावर तो उजेड लगेच गेला.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"सूप बघितल्याव कळलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, तुमी बी तेवढं आनून द्याल. त्याचं नाव काडाल असं वाटलं न्हाई." मग म्हणाला, "द्या सायब. चार दिसांत प्येराय पायजे."

मी समजावलं. माल आता कोर्टाचा. अर्ज करायचा, आमचा अहवाल जायचा, हुकूम आला की ताबा मिळेल. मी स्वतः अर्ज लिहून देतो. काळजी करू नका, नीट ठेवलंय.

"धूर लागतोय नव्हं?"

"आमच्या ठाण्यात विड्या ओढणारे पुष्कळ आहेत," मी म्हटलं. अंमलदार हसले. मीही हसलो. त्या माणसानेही आमच्यासाठी थोडं हसून दाखवलं. पोलिसांची थट्टा समोरच्याला कधी परत करता येत नाही, हे मला नोकरीत फार उशिरा समजलं.

अर्ज झाला. त्यावर ठाण्याचा अहवाल द्यायचा होता, आणि त्याच दिवशी मला बाहेर बंदोबस्तावर पाठवलं. तो कागद माझ्या खणात नऊ दिवस पडून होता. कोर्टाचा दोष नाही, वरिष्ठांचा नाही. खण माझा होता. नऊ दिवसांत मला त्याची आठवण झाली नाही असंही नाही. झाली, आणि वाटलं, भातच तर आहे, कुठे पळून जातंय.

मासे पकडले, दूध पकडलं, भाजीचा टेम्पो पकडला तर आम्ही त्याच दिवशी धावपळ करतो. नाशवंत मालाची वेगळी तरतूद कायद्यात आहे आणि ती मला तोंडपाठ होती. पण बी मला वाळलेलं धान्य वाटलं. दिसायला दगडासारखं कोरडं, त्याला काय होणार? ते श्वास घेतं, त्याला वारा लागतो, धूर लागतो, हे धाकट्या भावाला माहीत होतं, बियावाल्या पोराला माहीत होतं, माझ्याच ठाण्यातल्या कॉन्स्टेबलला माहीत होतं.

थोरला दर सोमवारी यायचा. पहाटे निघायचा, भर पावसात भिजत पोचायचा, बाकावर बसायचा. "बघाय मिळंल?" म्हणायचा. सील आहे, फोडता येत नाही, असं सांगितलं की मान हलवायचा. एका सोमवारी म्हणाला, "शेत नांगरून ठेवलंय. तण वाढाय लागलंय." महिला कॉन्स्टेबल त्याला चहा द्यायच्या. त्या सोमवारांत तो ठाण्यात कुणाशी नाही बोलला तितकं त्यांच्याशी बोलला.

हुकूम यायला पाच आठवड्यांच्या वर गेले. मी कपाट उघडायला लावलं. मुडी व्हरांड्यात आणली. प्लास्टिकची गाठ सोडल्याबरोबर जो वास आला तो मला सांगता येणार नाही. थैलीच्या आतल्या बाजूने पाणी सुटलेलं होतं. सील फोडलं, कापड उसवलं. पेंढा काळा पडलेला, हाताला गरम लागत होता. थोरल्याने दोरी सोडली. आत दाणे एकमेकांना चिकटून ढेपा झालेल्या, काहींना पांढरे कोंब फुटून तिथेच कुजलेले, बाकीच्यांवर हिरवी बुरशी.

त्याने मधोमध हात घालून एक मूठ काढली. एक दाणा दाताखाली धरला, तोडला, तळहातावर घेऊन बघितला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. असं तो किती वेळ करत होता कोण जाणे. मी अधिकारी, मीच काहीतरी बोलायला हवं होतं. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

शेवटी अंमलदार मालखान्याचं रजिस्टर घेऊन आले. पावती घ्यायचीच होती. कानडीत छापलेली ओळ होती. थोरला म्हणाला, वाचून दाखवा. मी वाचून मराठीत सांगितलं, "वर नमूद मुद्देमाल मला जशाच्या तसा परत मिळाला, माझी काही तक्रार नाही." त्याने मान हलवली आणि अंमलदारांनी जिथे बोट ठेवलं होतं तिथे सही केली. मग ते सगळं परत पेंढ्यात गोळा केलं, पाठीवर घेतलं आणि पावसात निघून गेला.

जीप काढतो म्हटलं, तर नको म्हणाला.

त्याने ते पेरलं, असं कॉन्स्टेबलनी नंतर सांगितलं. कुठे कुठे काही रोपं आली, पिवळी, अशक्त. गव्यांच्या एका कळपाने तीही तुडवली. दिवाळीच्या सुमारास त्याने घर बंद केलं आणि रामनगरला भावाकडे गेला. वाडी नकाशावर आहे, माणूस नाही. धाकट्याला जे चोरी करून साधलं नव्हतं ते मी कायद्याने साधून दिलं.

खटला चालला तेव्हा थोरल्याने साक्षीत सांगितलं की मुडी कुणी नेली ते मला ठाऊक नाही, माझा भाऊ तसला नाही. सरकारी वकिलांनी त्याला फितूर ठरवला. धाकटा सुटला. आमच्या वार्षिक तपासणीत मात्र हा गुन्हा आठवड्याच्या आत उघडकीस, माल पूर्ण हस्तगत, असा दाखवला गेला. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक केलं. मी उभा राहून सॅल्यूट केला.

निवृत्त झाल्यावर बेळगावात वेळ पुष्कळ असतो. बियाण्यांबद्दल, जंगलातल्या शेतीबद्दल वर्तमानपत्रांत येतं ते मी वाचतो. सभांनाही जातो. कुणी म्हणतं, बी शास्त्रज्ञांच्या बीजपेढीत सुरक्षित. कुणी म्हणतं, बी शेतकऱ्याच्याच घरात हवं. कुणी म्हणतं, वाघासाठी माणसं हलवा, कुणी म्हणतं, माणसं होती म्हणून जंगल राहिलं. सगळे जोरात बोलतात आणि मला सगळ्यांचंच थोडं थोडं पटतं. मी मागच्या खुर्चीत गप्प बसतो. माझ्यापाशी त्या वादात घालायला एकच गोष्ट आहे, आणि ती सांगण्यासारखी नाही. त्या बियावाल्या पोराला मूठभर बी मिळालं असतं तर आज ते भात कुठेतरी असतं. आणि त्या घरातच राहिलं असतं तरी असतं. दोघांच्या मध्ये मी आलो.

त्या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. चोरी कुणी केली ते शोधलं म्हणजे आपलं काम झालं, असं मी मानत आलो होतो. ज्याचं गेलं त्याला ते कशासाठी आणि कधी हवं आहे, हा प्रश्न फिर्यादीच्या नमुन्यात नसतो. तो आपण विचारायचा असतो. नव्या पोरांना प्रशिक्षणात बोलवतात तेव्हा मी हे सांगतो. ते वहीत लिहून घेतात.

गेल्या थंडीत मी रामनगरला गेलो. दोघे भाऊ पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते, एकमेकांपासून थोडे दूर, रस्त्याकडे तोंड करून. धाकट्याने खुर्ची आणली. थोरल्याने मला ओळखलं. मी आधीच ठरवून गेलो होतो, म्हणून बसल्या बसल्या सांगून टाकलं. "दादा, बी माझ्यामुळे गेलं. चूक माझी."

तो म्हणाला, "तुमी मुद्दाम न्हाई केलंसा, सायब." जरा वेळाने म्हणाला, "लांबनं आलासा. जेवून जावा."

धाकट्याच्या सुनेने भात वाढला, दुकानातला पांढरा भात, वर माशाचं कालवण. आम्ही तिघे जेवलो. थोरला भराभर जेवला, औषध घ्यावं तसा. धाकटाच बोलत होता, पावसाचं, नातवाच्या शाळेचं. मध्येच तो भावाला काहीतरी विचारायचा, आणि उत्तराची वाट बघून पुन्हा माझ्याकडे वळायचा. ज्याला हाक मारायला बोलावलं होतं तो आला होता, पण हाकेला ओ देत नव्हता.

निघताना दोघे रस्त्यापर्यंत आले. त्या मुलखात दारातून उठणाऱ्या कुणालाही 'परत येवा' म्हटल्याशिवाय सोडत नाहीत. वसुलीला आलेल्यालाही म्हणतात, मला आरोपीही म्हणालेत. धाकटा तसं म्हणाला. थोरल्याने हात जोडले, मीही जोडले. तो काहीतरी म्हणेल म्हणून मी गाडीचं दार उघडं ठेवून उभा राहिलो. त्याने हात खाली घेतले आणि वळून शेडकडे चालायला लागला.